परळची अर्धी मोजणी

परळमध्ये जागेचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ आहे. चाळीतल्या म्हाताऱ्या आजींनाही माहीत असते की बिल्डरने किती फूट कबूल केलेत, भाडे किती महिन्यांचे आगाऊ मिळणार, घर कितव्या मजल्यावर येणार. पण करी रोडपासून भोईवाड्यापर्यंत किती घरांत रोज डबे भरले जातात? गणपतीच्या कारखान्यांत हंगामात किती माणसे राबतात? लालबागच्या मिरचीगल्लीवर किती कुटुंबे जगतात? केईएम आणि टाटाच्या आसपास रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण पुरवून किती जणींचा संसार चालतो? या भागाचे नियोजन करताना यातले काहीच विचारले गेले नाही. विकास आराखड्याच्या नकाशावर निवासी, व्यापारी, औद्योगिक असे रंग असतात. दहा बाय बाराच्या खोलीत वीस जणांचा स्वयंपाक करणारी बाई त्या नकाशात निवासी रंगात जाते. तिचे घर नोंदले जाते, तिचा धंदा नाही.

शंभर वर्षांपूर्वी अशी विचारपूस झाली होती. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये शहरातल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. धान्याला किती लागतात, भाड्याला किती, कर्जाच्या व्याजात किती जातात हे कुटुंबागणिक लिहून घेतले. फिंडले शिरास यांचा तो अहवाल १९२३ मध्ये छापून आला. बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतल्या कामगारांच्या मजुरीवरचे आणि घरांवरचे पुस्तक १९२५ चे. त्याच्याही आधी, १९११ मध्ये, ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालये चालवली. परक्या सरकारने पाहणी केली ती संपाच्या धास्तीने केली असेल, पण केली. आपण निवडून दिलेल्या सरकारांनी गिरणगावाचे भवितव्य ठरवताना तेवढीही तसदी घेतली नाही.

काय ठरवले, ते उजळणी करण्यासारखे आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन उरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने या जमिनीचे तीन वाटे केले: एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. नियम चांगला होता. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया समितीने सरकारी, म्हणजे एनटीसीच्या गिरण्यांचा एकत्र आराखडाही दिला. तो अमलात आला नाही. २००१ मध्ये नियमच बदलला. आता वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची; शेड पाडून जी मोकळी होईल, ती वाटणीबाहेर. गिरणीच्या आवारातली बरीचशी जमीन शेडखालीच असते, हे नियम बदलणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानता येत नाही. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप उच्च न्यायालयात गेला, ऑक्टोबर २००५ मध्ये जिंकला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. दरम्यान एनटीसीच्या गिरण्यांचे लिलाव झाले. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलच्या जमिनीचे ७०२ कोटी रुपये आले.

कामगारांच्या वाट्याला सोडती आल्या. २०१२ मध्ये ६,९२५ घरे, २०१६ मध्ये २,६३४, २०२० मध्ये ३,८९४. अर्जदार दीड लाखाहून अधिक. उरलेल्यांना मुंबईबाहेर शेलू-वांगणी दाखवले गेले, म्हणून जुलै २०२५ मध्ये सत्तरी ओलांडलेली माणसे पावसात आझाद मैदानावर येऊन बसली. त्यांची मागणी मुंबईतच घर मिळावे एवढी साधी होती, आणि ती न्याय्य होती.

गिरण्यांच्या जागी काहीच आले नाही, असे मुळीच नाही. लोअर परळला कार्यालये आली, मॉल आले, लाखो माणसे रोज ये-जा करू लागली. शहराला रोजगार हवाच, आणि धूर ओकणारी चिमणी परत आणा असे इथे कोणी म्हणत नाही. पण गिरणी ते कार्यालय हा एवढा मोठा बदल भूखंडागणिक, मालकागणिक होत गेला. स्टेशन, पूल, रस्ते यांचा विचार त्यासोबत झाला नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले. पूल बांधायला शेवटी लष्कर बोलवावे लागले. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीत, पादचारी पुलासाठी!

आता खानावळीबद्दल, कारण परळचे अर्थकारण समजून घ्यायला तिच्याइतकी चांगली जागा नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरहून आलेला गिरणीकामगार बहुधा एकटा असे. गावकीच्या खोलीत ट्रंक ठेवायला जागा, झोपायला पाळीप्रमाणे वळकटी पसरायची, आणि जेवण एखाद्या मावशीच्या खानावळीत. ही मावशी त्याच चाळीत राहणारी, अनेकदा गिरणीतून कमी झालेली किंवा नवरा गेलेली. पगार झाला की पैसे मिळणार, तोवर वाण्याकडून उधार आणि सावकाराकडून कर्ज. सत्तरच्या दशकात गिरण्यांचे संप झाले तेव्हा या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः कर्जात रुतल्या. त्या उधारीची नोंद ना युनियनच्या वहीत झाली, ना मालकाच्या. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या, गिरणगावात कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांच्या ते ध्यानात आले. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गहाण ठेवायला काही नसलेल्या या बायकांना एकमेकींच्या भरवशावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बचत गट हा शब्द महाराष्ट्रात रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. स्थानिक अर्थविकास म्हणजे काय, हे परळला बाहेरून येऊन कोणी शिकवण्याची गरज नव्हती. इथल्या बायकांनी ते करून दाखवले होते. नियोजनकारांनी फक्त येऊन बघायचे होते.

गिरण्या गेल्या तरी परळमध्ये परगावच्या माणसांची रीघ थांबली नाही. केईएम, टाटा स्मारक आणि वाडियांची दोन रुग्णालये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. राज्यभरातून, राज्याबाहेरून रुग्ण येतात, सोबत दोन-दोन माणसे. त्यांना महिना-दोन महिने काढायचे असतात. कित्येक जण फुटपाथवर पथारी टाकतात. त्यांना स्वस्त, पथ्याचे, घरचे जेवण लागते. आणि चार पावलांवर चाळीत ते करून देणारी माणसे आहेत. ही गरज आणि हे कसब एकमेकांना जोडणे यापेक्षा सोपे स्थानिक नियोजन दुसरे कुठले असेल? उलट काय झाले, ते २०२१ मध्ये दिसले. म्हाडाने टाटा रुग्णालयाला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी लालबागच्या इमारतींतल्या १०० सदनिका द्यायचे जाहीर केले. तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि मग भोईवाड्याजवळ बॉम्बे डाइंगच्या जागेवरच्या सदनिका देण्यात आल्या. हेतू उत्तम होता. रहिवाशांना मात्र आधी विश्वासात घेतले गेले नव्हते. अशाने शेजारधर्माला विनाकारण तडा जातो.

खानावळीसारखेच इतर धंदे. एप्रिल-मे मध्ये लालबागला बेडगी, संकेश्वरी मिरची निवडून, धणे-खोबरे भाजून, डंकावर मसाला कांडून न्यायला अख्ख्या मुंबईतून बायका येतात. पलीकडे चिवडागल्ली. पावसाच्या तोंडावर मैदानात, रिकाम्या भूखंडावर मंडप पडतात आणि मोठ्या मूर्ती घडू लागतात. विजय खातूंसारख्या मूर्तिकारांनी परळचे नाव त्यातूनच दूरवर नेले. दरवर्षी मोकळी जागा कमी होते आहे, आणि दरवर्षी कारखाना कुठे घालायचा हा प्रश्न मूर्तिकार एकट्याने सोडवतो.

पुनर्विकासाच्या नियमांत व्यापारी गाळ्याच्या बदल्यात गाळा मिळतो. निवासी खोलीच्या बदल्यात घर मिळते, ते मोठे आणि स्वच्छ असते, आणि ते मिळायलाच हवे. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना टॉवरचे आकर्षण का वाटू नये? पण विसाव्या मजल्यावर वीस डब्यांचा धंदा चालत नाही. फोडणीच्या धुरावरून सोसायटीची नोटीस येते, डबेवाल्याची सायकल गेटबाहेर अडवली जाते, आणि दरमहा देखभाल खर्च मात्र सुरू होतो. घर वाढले आणि मिळकत आटली, की पाच-सात वर्षांत ते घर विकून बदलापूर-विरारचा रस्ता धरावा लागतो. चाळ पाडताना याचा विचार कोणी करायचा?

कायद्यात उत्तर आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत आर्थिक आणि सामाजिक विकासाचे नियोजन हा विषय नगरपालिकांकडे सोपवण्याजोग्या कामांत स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायदा बदलून मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद केली. मुंबईत त्या भरल्या नाहीत. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. नेमक्या त्या काळात पुनर्विकासाने वेग घेतला. त्यात परळ दोन वॉर्डांत विभागलेले: रुळांच्या पूर्वेला एफ दक्षिण, पश्चिमेला जी दक्षिण. इकडच्या चाळींचे आणि तिकडच्या कार्यालयांचे एकत्र नियोजन करायला एक टेबलही नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की उरलेल्या गिरण्यांच्या जमिनी आणि उरलेल्या चाळी यांचे निर्णय होण्याआधी वॉर्ड कार्यालयाने धंद्यांची मोजणी करावी. घरात चालणारे, फुटपाथवरचे, हंगामी, सगळे त्यात धरावेत. त्या नोंदीच्या आधारे नव्या इमारतींच्या तळमजल्यावर सामायिक स्वयंपाकघरे आणि छोटे गाळे राखावेत, मूर्तिकारांसाठी ठरावीक महिन्यांची मोकळी जागा आराखड्यातच दाखवावी, रुग्णालयांच्या जेवणाची कंत्राटे देताना स्थानिक बचत गटांना हक्काचा वाटा द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. एफ दक्षिण विभागाचे कार्यालय परळमध्येच आहे आणि सुनावणी तिथे संध्याकाळी, लोक कामावरून परतल्यावर घेता येते.

रहिवाशांनीही एक करावे. पुनर्विकासाच्या सभेत किती फूट मिळणार हे विचाराच, पण आपल्या चाळीत कोण काय धंदा करते याची यादी त्याच सभेत करून इतिवृत्तात लिहून घ्या. करारावर सही करण्याआधी ती यादी बिल्डरला आणि वॉर्ड कार्यालयाला द्या, आणि पोच घ्या.