तबकडी उलटण्याची जागा

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाती आली की आपण आधी संपादकाचे निवेदन उघडतो. कोणती पोथी प्रमाण मानली, कोणते पाठ नाकारले, दुरुस्ती कुठे केली, याचा जबाब त्याने द्यावा ही अपेक्षा आपल्या शिस्तीचा भाग झालेली आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा तसे केल्याची नोंदही ठेवली आणि पुढच्यांनी त्यात भर घालू नये अशी ताकीदही दिली. हीच शिस्त ध्वनिमुद्रित संगीताच्या नव्या आवृत्त्यांना मात्र कोणी लावत नाही. तेथे 'रीमास्टर्ड' हा एक शब्द वेष्टनावर छापला की संपादकाची जबाबदारी संपते. हे बरे नाही, असे आमचे मत आहे. त्यासाठी एका इटालियन अल्बमचे उदाहरण घ्यावेसे वाटते.

अल्बमचे नाव 'फेलोना ए सोरोना'. 'ले ऑर्मे' या व्हेनिस-मार्गेरा परिसरातल्या वाद्यवृंदाने तो १९७३ मध्ये फिलिप्सच्या तबकडीवर काढला. ऑर्मे म्हणजे पाऊलखुणा. आल्दो ताल्यापिएत्रा गात आणि बास व गिटार वाजवत, तोनी पाल्यूका यांच्याकडे कळफलकाची वाद्ये होती आणि मिकी देइ रोस्सी ड्रम्सवर होते. निर्माते होते जान पिएरो रेव्हेर्बेरी, ज्यांनी पुढे 'रोन्दो व्हेनेत्सियानो' हा अगदी वेगळ्या, गोडसर वळणाचा वाद्यवृंद उभा केला (एकाच माणसाच्या हातून किती परस्परविरोधी गोष्टी घडतात!). 'कोलाज' (१९७१) आणि 'उओमो दि पेत्सा' (१९७२) या दोन अल्बमांनी त्यांचे नाव झाले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी सुटी गाणी सोडली आणि सुमारे ३३ मिनिटांची एकच सलग कथा रचली. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या परिभाषेत याला कन्सेप्ट अल्बम म्हणतात.

कथा साधी आहे, जवळजवळ पुराणकथेसारखी. फेलोना आणि सोरोना हे दोन ग्रह. एकावर आनंद, दुसऱ्यावर अंधार आणि शोक. त्यांच्यावर सत्ता असणाऱ्या परमशक्तीचे लक्ष एकाकडे आहे, दुसरा विस्मरणात पडला आहे. पुढे पारडे फिरते. सोरोनावर पहाट होते आणि फेलोनाची उतरण सुरू होते. शेवटी दोन्ही शून्यात विलीन होतात. कोणी याला बाळबोध रूपक म्हणेल, आणि नुसता कथासार वाचून आम्हीही तसेच म्हटले असते.

पण ही कथा सांगितली आहे ती तबकडीच्या दोन बाजूंवर. पहिल्या बाजूवर चार रचना आहेत. सुरुवातीला 'सोस्पेझी नेल्लिन्क्रेदीबिले' म्हणजे 'अविश्वसनीयात लटकलेले' ही आठ मिनिटांहून मोठी रचना, मग जेमतेम दोन मिनिटांची उजळ 'फेलोना', मग 'ला सोलितूदिने दि की प्रोतेज्जे इल मोन्दो' म्हणजे 'जगाचे रक्षण करणाऱ्याचे एकटेपण', आणि अखेरीस 'लेक्विलीब्रियो', म्हणजे समतोल. येथे बाजू संपते. सुई उचलायची, तबकडी उलटायची, पुन्हा सुई ठेवायची. दुसरी बाजू 'सोरोना'ने उघडते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. एक ग्रह वाजत असतो तेव्हा दुसरा फिरत्या ताटलीवर पालथा, उजेडाला पारखा असतो. दोघेही एकाच अक्षाभोवती, एकाच वेगाने फिरत आहेत, पण एकाच वेळी ऐकू येणे त्यांच्या नशिबी नाही. त्या दोघांच्या मध्ये, नेमक्या उलटण्याच्या कडेवर, 'समतोल' हा शब्द ठेवलेला आहे. आणि उलटणारा हात श्रोत्याचा आहे. सोरोनावर दृष्टी जावी अशी ज्याच्याकडून अपेक्षा आहे, त्या परमशक्तीचे काम क्षणभर आपल्याच हातांवर येऊन पडते. आपण उठलो नाही तर सोरोना अंधारातच राहील.

रचनाकारांनी हे सगळे हिशेब करून केले होते का, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटेच सुखाने मावतात, ती तांत्रिक मर्यादा होती, तिला एवढे महत्त्व कशाला, असेही विचारले जाते. आमचे उत्तर असे की मर्यादा म्हणून आलेली गोष्ट कलाकृतीत मर्यादा म्हणूनच राहते असे नाही. ओवीचा चौथा आखूड चरण ही काय सोय होती की सौंदर्य, याचा निवाडा आपण करीत बसत नाही. तो चरण काढला तर ओवी उरत नाही एवढे आपल्याला पुरते. शिवाय येथे पुरावा शीर्षकांच्या क्रमातच आहे. दोन ग्रहांची नावे दोन बाजूंना वाटून दिलेली आहेत. तेवढे अपघाताने होत नाही.

आता या अल्बमचे पुढे काय झाले ते पाहू. सीडीवर तो आला तेव्हा उलटणे संपले. 'समतोल'चा शेवटचा स्वर विरतो आणि दोन-तीन सेकंदांत 'सोरोना' सुरू होते. आवाज स्वच्छ झाला, खरखर गेली, हे मान्यच. पण फेलोनाकडून सोरोनाकडे जाताना श्रोता आता खुर्चीतून हलत नाही. जपानमध्ये इटालियन प्रॉगच्या सीडी मूळ वेष्टनाच्या छोट्या कागदी प्रतिकृतीत काढण्याची प्रथा पडली. ती पाहताना मन हरखते. लान्फ्रान्को यांचे अतिवास्तववादी चित्र तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर आलेले असते, घडीसुद्धा मूळ ठिकाणी असते. आत मात्र एकाच बाजूने वाजणारी चकती. बाह्यरूपाबद्दल एवढी निष्ठा आणि आतल्या रचनेबद्दल एवढी बेफिकिरी, हे चित्र ग्रंथव्यवहारातही आपण पाहतोच. कापडी बांधणीची, सोनेरी अक्षरांची, आणि मुद्रणदोषांनी भरलेली अभिजात पुस्तके कोणाच्या कपाटात नाहीत?

स्ट्रीमिंगने तर क्रमही श्रोत्याच्या, किंवा खरे म्हणजे यंत्राच्या, मर्जीवर सोडला. आमच्या एका विद्यार्थिनीने मोबाइलवर हा अल्बम ऐकला तो सोरोनापासून, कारण यंत्राने क्रम मिसळून दिला होता. तिने टिपणात लिहिले की कथा दुःखाकडून सुखाकडे जाते आणि म्हणून आशावादी आहे. तिचे वाचन चुकले असे आम्ही म्हणू शकलो नाही. तिच्यापुढे आलेल्या संहितेत ते बरोबरच होते. मूळ क्रम कोणता हे तिला सांगण्याची जबाबदारी कोणाची होती, एवढाच आमचा प्रश्न.

या अल्बमच्या इतिहासात आणखी एक आवृत्ती आहे, आणि अनुवाद शिकवणाऱ्यांना ती फार मोलाची वाटावी. इटालियन आवृत्तीनंतर लवकरच त्याची इंग्रजी आवृत्ती लंडनच्या करिझ्मा कंपनीने काढली. इंग्रजी शब्द पीटर हॅमिल यांचे. हॅमिल म्हणजे 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर'चे कवी-गायक. त्यांच्या वाद्यवृंदाला मायदेशी अनुयायी मोजके. पण 'पॉन हार्ट्स' हा अल्बम १९७२ मध्ये इटलीत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला होता. ज्या देशाने त्यांना डोक्यावर घेतले त्या देशाच्या कलाकृतीला इंग्रजी देण्याचे काम त्यांच्याकडे यावे, यात एक प्रकारची परतफेड दिसते. त्या काळात अशी रूपांतरे होतही होती. 'पीएफएम'च्या 'पेर उन आमीको'चे, म्हणजे 'मित्रासाठी'चे, पीट सिनफिल्ड यांच्या हातून १९७३ मध्ये 'फोटोज ऑफ गोस्ट्स' झाले. मित्राचे भूत झाले, असे आम्ही वर्गात गमतीने म्हणतो.

हॅमिल यांनी केलेले बदल मात्र गमतीवारी नेण्यासारखे नाहीत. पहिल्या शीर्षकाचे त्यांनी 'इन बिट्वीन' केले. 'अविश्वसनीयात लटकलेले' मधला विस्मय त्यात गेला, पण दोन ग्रहांच्या मधली, अधांतरी जागा नेमकी पकडली गेली. आम्ही ते उत्तम वाचन मानतो. तिसऱ्या रचनेवर मात्र अडखळायला होते. 'जगाचे रक्षण करणाऱ्याचे एकटेपण' याच्या जागी इंग्रजीत नुसते 'द मेकर' आहे. येथे लांब शीर्षक आखूड झाले एवढेच घडलेले नाही. जो सांभाळतो तो आता घडवणारा झाला. पालनकर्त्याचा निर्माता झाला. आपल्या परंपरेत ही दोन खाती दोन देवांकडे आहेत, म्हणून हा फरक आपल्या कानाला लगेच कळतो. शिवाय एकटेपण अजिबात नाहीसे झाले. इटालियन संहितेतल्या परमशक्तीची कीव येण्याची शक्यता होती. तिचे लक्ष एका ग्रहाकडे आहे यात क्रौर्यापेक्षा थकवा अधिक असावा, असे त्या एका शीर्षकामुळे वाटत राहते. 'मेकर'ची कीव कोणी करीत नाही.

आणि सर्वांत मोठा बदल त्या कडेवरचा. इंग्रजी तबकडीची पहिली बाजू 'वेब ऑफ टाइम' या नावाने संपते. 'द बॅलन्स' हे शीर्षक आहे, पण ते सरकून दुसऱ्या बाजूवर, सोरोनाच्या पलीकडे गेले आहे. इटालियनमध्ये नऊ शीर्षके होती, इंग्रजीत आठ उरली. जेथे समतोल होता तेथे काळाचे जाळे आले, आणि समतोल ही उलटण्याच्या क्षणाची गोष्ट न राहता कथानकातली पुढची एक घटना झाली. दुसऱ्या बाजूवर 'आत्तेझा इनेर्ते', म्हणजे 'निश्चल प्रतीक्षा', ही दुसरी रचना. इंग्रजीत त्या ठिकाणी 'द प्लॅन' दिसते. वाट पाहण्याच्या जागी योजना. एकेक शीर्षक वेगळे पाहिले तर अनुवादकाचे स्वातंत्र्य म्हणून सोडून देता येईल, पण तिन्ही बदल एकाच दिशेने ओढतात. इटालियन कथेतला असहायपणा कमी होतो आणि काळ, कर्ता, योजना यांनी बांधलेले, अधिक सुसूत्र विश्व उभे राहते. शेवटच्या रचनेचे नाव तेवढे शब्दशः उतरले आहे: 'रितोर्नो आल नुल्ला', 'रिटर्न टू नॉट', शून्याकडे परत. ती रचना केवळ वाद्यांची आहे, तिच्यात गाणेच नाही. जेथे शब्द नव्हते तेथेच अनुवाद तंतोतंत झाला!

हॅमिल यांना दोष द्यावा असे आमच्या मनात नाही. ते मोठे कवी आहेत आणि त्यांनी एक वेगळी कलाकृती दिली. ताल्यापिएत्रांचा कोवळा, उंच स्वर इंग्रजीत थोडा परका होतो, आणि त्या परकेपणाचीही एक गोडी आहे. आमचा आक्षेप दोन्ही आवृत्त्यांना एकाच अल्बमची अदलाबदल करता येण्याजोगी रूपे समजण्याला आहे. 'इंग्रजी आवृत्ती ऐकली म्हणजे फेलोना ऐकली' हे विधान, भाषांतर वाचून मूळ कवीवर प्रबंध लिहिण्याइतके धाडसाचे आहे. (असे प्रबंध होतात, हे आम्ही जाणतो.)

म्हणूनच २०१६ मधल्या पुनर्निर्मितीबद्दल आमचे मत बहुतेक चाहत्यांपेक्षा वेगळे आहे. त्या वर्षी 'ले ऑर्मे' या नावाने 'फेलोना ए/अँड सोरोना २०१६' निघाला. मूळ तिघांपैकी त्यात फक्त ड्रमर देइ रोस्सी होते. ताल्यापिएत्रा २००९ मध्ये आणि पाल्यूका त्याच्याही बरेच आधी बाहेर पडलेले. सगळे नव्याने वाजवलेले, नव्या गळ्याने गायलेले. जुन्या श्रोत्यांना हे पावित्र्यभंगासारखे वाटते. आम्हालाही नवे ध्वनिमुद्रण मूळाच्या तोडीचे वाटत नाही. त्याचा नेटकेपणाच कधीकधी जाचतो. तरीही त्याने एक गोष्ट केली जी आवाज घासूनपुसून दिलेल्या प्रतींतून होत नाही. इटालियन आणि इंग्रजी दोन्ही पाठ त्याने शेजारी शेजारी ठेवले. शीर्षकातली ती 'ए/अँड' अशी तिरपी रेघ एखाद्या चिकित्सक आवृत्तीत शोभावी अशी आहे. शिवाय तो स्वतःला मूळ म्हणवत नाही, नावातच वर्ष घालून मोकळा होतो. एखादे भाष्य मूळ ग्रंथापेक्षा कमी प्रतीचे असले तरी ते भाष्य म्हणून प्रामाणिक असू शकते. उलट 'मूळ ध्वनिमुद्रण' असे मिरवणारी आणि मूळ रचनेतली जागा गुपचूप बुजवणारी प्रत अधिक फसवी.

आमचे म्हणणे एलपीकडे परत चला असे नाही. नव्याने छापलेल्या एलपीच्या किमती पाहता ते म्हणण्याची ऐपत प्राध्यापकांची नाही, विद्यार्थ्यांची तर नाहीच. मागणी माफक आहे. पुनःप्रकाशित अल्बमच्या पुस्तिकेत, किंवा स्ट्रीमिंगच्या पानावर, एवढे लिहिलेले असावे: ही प्रत कोणत्या टेपवरून केली, कोणी केली, काय बदलले, शब्द कोणाचे, आणि पहिली बाजू कुठे संपत होती. चौथ्या आणि पाचव्या शीर्षकांच्या मध्ये एक आडवी रेघ ओढायला खर्च येत नाही.

यंदा अनुवादाच्या तासाला आम्ही ती रेघ फळ्यावर स्वतःच ओढली. 'समतोल' संपल्यावर ध्वनी थांबवला आणि कोणी काही बोलायचे नाही असे सांगितले. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा होता. काही वेळाने मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, पुढचं लावायला कोणी उठायचं?"