रानांत जाण्यापूर्वीं

नवशिक्या शिकाऱ्यांस परदेशीं काय शिकवितात, हें आमच्या विद्यार्थ्यांपुढें मांडूं लागतांच कित्येक पालक विचारतील कीं, ज्या देशांत सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें शिकारीस मनाई आहे, तेथील मुलांस शिकाऱ्याच्या विद्येचें काय काम? प्रश्न योग्य आहे. आम्हांसही मुलांच्या हातीं बंदूक द्यावयाची नाहीं. परंतु त्या शिक्षणांत बंदूक केव्हां चालवूं नये हाच पाठ मोठा आहे, आणि आम्हांस हवा आहे तो तोच.

अमेरिकेंत न्यू यॉर्क राज्यानें सन १९४९ मध्यें तरुण नवशिक्यांस हें शिक्षण सक्तीचें केलें. आज तेथील सर्व राज्यांत त्याची सोय आहे. पहिला धडा असा कीं, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें समजावें. नळीचें तोंड कोणाही माणसाकडे वळूं देऊं नये; नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर ठेवूं नये; आणि झुडूप हाललें एवढ्यावरून गोळी झाडूं नये, तर समोर काय आहे व त्याच्या पलीकडे काय आहे, हीं दोन्ही पक्कीं ओळखावीं. कुंपण ओलांडावयाचें असल्यास आधीं काडतुसें काढावीं. भडक नारिंगी कपडा अंगावर असावा, असाही दंडक पुष्कळ राज्यांत आहे. हरणास तो रंग आपल्यासारखा दिसत नाहीं, सोबत्यास मात्र दुरून ओळखूं येतो! शिवाय वाट चुकल्यास धांवाधांव न करितां एके जागीं थांबावें व शिटी तीनदां वाजवावी, हेंही तेथें शिकवितात.

आमचीं मुलें पाठीवर पिशवी टाकून राजमाचीस किंवा हरिश्चंद्रगडावर जातात. त्यांच्या हातीं बंदूक नसते, परंतु संकट असतेंच. सन २०२४ च्या ३० जून रोजीं लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. आपल्या डोक्यावर ऊन असलें तरी वरच्या डोंगरांत पाऊस कोसळल्यास ओढा घटकेंत फुगतो, हें किती मुलांस ठाऊक आहे? कड्यावर आग्यामोहोळ दिसल्यास धूर व गोंगाट करूं नये. सर्प चावल्यास दोरी आवळणें, जखम चिरणें हे जुने उपाय सोडून, तो अवयव न हालवितां माणसास थेट इस्पितळांत न्यावें. हें भूगोलाच्या पुस्तकांत नसलें म्हणून शिकवूं नये कीं काय?

कित्येक आईबाप यावर "जाऊंच नको" हा एकच उपाय जाणतात. आमच्या मतें तो उपाय नव्हे. मुलगा क्रिकेटचें निमित्त सांगतो व गडावर जातो. मग तो कोठें गेला हेंही घरीं कोणास माहीत नसतें. त्यापेक्षां सहलीपूर्वीं प्रत्येकाची तोंडी परीक्षा घ्यावी, आणि जो नापास होईल त्यास, मग तो वर्गांत पहिला का असेना, त्या दिवशीं घरीं ठेवावें. पालकांनींही मुलाकडून एक कागद मागून घ्यावा: कोणता गड, कोणती वाट, बरोबर कोण, व किती वाजतां परत. ती वेळ टळून गेल्यास कोणास कळवावयाचें, तेंही त्याच कागदावर लिहिलेलें असावें.