पावसाचे गणित आणि त्याची परीक्षा

दरवर्षी एप्रिलच्या मध्यास हवामान खात्याचा मोसमी पावसाचा अंदाज जाहीर होतो आणि त्यातील एका टक्केवारीची चर्चा सोलापुरात बियाण्यांच्या दुकानापासून सोसायटीच्या कचेरीपर्यंत सुरू होते. या टक्केवारीची परीक्षा कशी घेतली जाते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या शास्त्राचा पाया गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घातला. दूरदेशीचा वायुदाब, हिमालयावरील बर्फ अशा घटकांचा पावसाशी असलेला संबंध जुन्या नोंदींवरून काढावयाचा व त्यावरून पुढील पाऊस वर्तवावयाचा, ही समाश्रयणाची, म्हणजेच रिग्रेशनची, रीत. तिच्यातील धोकाही वॉकर यांनीच १९१४ मध्ये दाखवून दिला होता. पुष्कळ घटक चाळीत बसले, की एखादा निव्वळ योगायोगानेही पावसाशी जुळतोच.

१९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर व सहकाऱ्यांचे १६ घटकांचे प्रतिमान वापरात आले. २००१ पर्यंत, सलग १४ वर्षे, त्याची वाहवा झाली. परंतु या काळात देशव्यापी दुष्काळ एकदाही पडला नव्हता. कोणतेही गणित न मांडता ‘पाऊस सरासरीच्या आसपास पडेल’ असे दरवर्षी म्हणणाराही बहुतेक वेळा खरा ठरला असता! मोजक्या वर्षांच्या नोंदींना इतके घटक लावले, की प्रतिमान त्या वर्षांतील योगायोगही पाठ करते. ते खरोखर काही शिकले काय, हे त्याने न पाहिलेल्या वर्षांवरच, आणि त्यांतही वाईट वर्षांवर, कळते. तसे वर्ष २००२ मध्ये आले. भाकीत १०१ टक्क्यांचे होते. पाऊस पडला ८१ टक्के. २००३ मध्ये घटक कमी करण्यात आले, तरी २००४ ची तूट हुकलीच. २००७ पासून अनेक प्रतिमानांचा मेळ घालण्याची पद्धत आली. आपल्या महाविद्यालयांत मात्र जुन्या आकड्यांशी सूत्र किती जुळले, एवढे काढले की गुण मिळतात.

सोलापूरचे दुखणे आणखी निराळे आहे. २००३ साली देशाची सरासरी गाठली गेली, म्हणजे देशाच्या हिशेबी वर्ष बरे गेले. त्याच वर्षी सांगोला-मंगळवेढ्याकडे गुरांच्या छावण्या उभ्या होत्या. हा रब्बीचा जिल्हा. येथील ज्वारीचे भवितव्य सप्टेंबरचा पाऊस ठरवितो. चार महिन्यांच्या, सबंध देशाच्या बेरजेत त्याचा मागमूसही लागत नाही. देशाच्या सरासरीवर उत्तीर्ण झालेले प्रतिमान सांगोल्यातही उत्तीर्ण होईल, असे मानण्यास आधार नाही. ती परीक्षा स्वतंत्रपणे, जिल्ह्याच्या नोंदींवर आणि ‘दरवर्षी सरासरी’ या फुकटच्या भाकिताशी तुलना करूनच घ्यावी लागेल. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय शोधण्याची गरज नसावी.