विजेची खतावणी

रोजमेळ आणि खतावणी यांचे महत्त्व व्यापारी घराला निराळे सांगावे लागत नाही. विजेच्या व्यवहारातही आता तोच प्रश्न उभा राहिला आहे: छतावर तयार झालेली वीज कोणाच्या खात्यावर, किती आणि कोणत्या दराने मांडावी?

समजा, शाहूपुरीतील एका पेढीने छतावर सौर पॅनेल बसवले आहेत. सुट्टीच्या दिवशी पेढी बंद असते, ऊन मात्र असतेच. नेट मीटरिंगमध्ये ही शिल्लक वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि पेढीच्याच बिलात वळती होते. त्याच वेळी शेजारचा पिठाच्या गिरणीवाला पूर्ण दराने वीज घेत असतो. या दोघांत थेट सौदा व्हावा, अशी ही कल्पना आहे.

अडचण अशी की विजेवर नाव लिहिलेले नसते. तारेत गेली की ती सर्वांच्या विजेत मिसळते. म्हणून सौद्याचा सारा भार नोंदीवर पडतो. येथे ब्लॉकचेन उपयोगी पडते. तिच्यात वहीची प्रत अनेक संगणकांवर असते आणि प्रत्येक पानावर मागील पानाची गणिती मोहोर असते. एका पानात खाडाखोड केली की पुढील साऱ्या मोहोरा जुळेनाशा होतात आणि लबाडी उघडी पडते.

2016 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात शेजाऱ्यांनी असा व्यवहार करून पाहिला. आपल्याकडे लखनौमध्ये पॉवर लेजर या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या साहाय्याने हा प्रयोग झाला. त्यासाठी नियामक आयोगाची संमती आधी घ्यावी लागली, ही बाब विशेष ध्यानात ठेवावी.

कारण तंत्रज्ञान कितीही पक्के असले, तरी दर, तारा वापरण्याचे शुल्क आणि तंटा मिटवण्याची रीत ही कायद्यानेच ठरते. शिवाय साखळी नोंद जपते, नोंदीचा खरेपणा नव्हे. मीटरने चुकीचे युनिट दिले, तर ती चूकही तितक्याच निष्ठेने जतन होईल. बँकेत दिवसअखेर जमा आणि नावे यांचा मेळ बसला, तरी मूळ व्हाउचर तपासावेच लागे. हा नियम येथेही लागू आहे.

म्हणून ‘ब्लॉकचेन ऊर्जे’च्या नावाने कोणी टोकन किंवा गुंतवणूक योजना घेऊन दारी आल्यास तीन प्रश्न विचारावेत. आयोगाची परवानगी कोठे आहे? मीटर कोणी तपासला? तंटा झाल्यास दाद कोणाकडे मागायची? उत्तरे लेखी मिळेपर्यंत तिजोरीची किल्ली कनवटीलाच राहू द्यावी.