दिवाळी भाऊबिजेला संपत नाही



दसरा झाला की घराघरांत एकच विषय असतो, सफाई. मोबाईलवर रोज दहा नुस्खे येऊन पडतात. पितळ कसं उजळायचं, पंखा कसा पुसायचा, चकली खुसखुशीत कशी करायची. सगळं सणाच्या आधीचं. सण झाल्यावर घर कसं आवरायचं आणि कोणी आवरायचं, यावर मात्र कोणी काही पाठवत नाही. आज मी त्यावरच लिहिणार आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि सदतीस वर्षांनी, 2011 साली निवृत्त झालो. आमच्या काळी कॉम्प्युटर नव्हते. संध्याकाळी काउंटर बंद झालं, ग्राहक गेले, की खरं काम सुरू व्हायचं. व्हाउचर लावा, डे-बुक लिहा, रोकड मोजा. रोकड जुळल्याशिवाय कॅशियर घरी जात नसे, मग रात्रीचे नऊ वाजोत. काउंटर बंद झालं म्हणजे दिवस संपला, असं बँकेत कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. घरी मात्र मी वर्षानुवर्षं तेच म्हणत आलो. भाऊबिजेचं ओवाळणं झालं, पाहुणे स्टेशनवर पोचवले, की माझी दिवाळी संपली.

आम्ही इंदूरचे, चार पिढ्यांपासून. आमच्या शहराचं कौतुक सगळ्या देशाला माहीत आहे. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 ते 2023 सलग सात वेळा पहिला नंबर, शेवटच्या वेळी सुरतबरोबर विभागून. पण मला विचाराल तर आमचं खरं कौतुक रंगपंचमीच्या दिवशी बघावं. राजवाड्यावर गेर निघते, लाखो माणसं, रंग-गुलालाचा खच पडतो, चपला पडलेल्या असतात. गेर पुढे सरकते आणि मागून महानगरपालिकेची माणसं झाडू, यंत्रं, पाण्याचे टँकर घेऊन येतात. संध्याकाळी तिथून गेलात तर सकाळी इथे काही झालं होतं हे सांगावं लागतं. गेर बघायला जेवढी गर्दी, तेवढंच कौतुक आता त्या सफाईचंही होतं. शहराला जे जमलं ते आमच्या घरात जमलं नव्हतं. सणानंतरच्या कामाचं कौतुक तर सोडाच, ते काम आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

ते कळलं 2006 च्या दिवाळीत.

नरकचतुर्दशीची पहाट. घरात आम्ही नऊ माणसं, ताई आणि भाऊजी मुलांना घेऊन आलेले. पद्धतीप्रमाणे तेल, उटणं, ऊन पाणी. आधी मुलं, मग आम्ही पुरुष, मग ताई, आणि सगळ्यांत शेवटी आमची सौ. मी बाहेर ओट्यावर मुलांबरोबर फुलबाज्या लावत होतो. आतून धप्पकन आवाज आला. बाथरूमच्या फरशीवर आठ जणांच्या अंगचं तेल आणि उटण्याचा चिखल साचला होता, त्यावरून तिचा पाय गेला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

आणि मी दारात उभा राहून पहिलं वाक्य काय बोललो? "जपून चालायचं नाही का?"

ती काही बोलली नाही. संध्याकाळी ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, ती दर वर्षी शेवटी का न्हाते माहीत आहे का? बाथरूम धुवूनच बाहेर यायचं असतं म्हणून." मी हिशोबाचा माणूस. आठ जण न्हाऊन गेले आणि आठांपैकी एकानेही जाताना तांब्याभर गरम पाणी फरशीवर ओतलं नाही. त्या आठांत मीही होतो. एकोणतीस वर्षांच्या संसारात ही नोंद माझ्या वहीत कधी झालीच नव्हती.

म्हणून माझा पहिला नुस्खा हाच. अभ्यंगस्नान झालं की प्रत्येकाने स्वतःमागे फरशीवर मूठभर बेसन किंवा साबणाची पूड टाकावी, ब्रश मारावा, गरम पाण्याने धुवावं आणि वायपरने पाणी ओढावं. दोन मिनिटांचं काम आहे. आठ वर्षांचं पोरही करतं, माझी नात करते. मोरीच्या जाळीवर जुन्या ओढणीचा तुकडा घालावा म्हणजे उटणं पाइपात जात नाही. आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला पहिलं न्हाऊ घालावं, फरशी कोरडी असताना.

निवृत्त झाल्यावर मी सफाईत हात घातला. पहिल्याच वर्षी शहाणपणा केला. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकदम टाकली, म्हटलं दुप्पट स्वच्छ होईल. असा उग्र वायू निघाला की डोळे चुरचुरले, छाती भरून आली, मी कसाबसा बाहेर पडलो. या दोन गोष्टी कधीही एकत्र करू नका. क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवूसुद्धा नका.

सणाआधीचं थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त येतं. सगळं घर एका आठवड्यात काढू नये. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तीन आठवडे मिळतात. रोज एक खण किंवा एक भिंत. वरून खाली यावं, आधी जाळी आणि पंखे, मग फळ्या, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढला की धूळ अभ्र्यात राहते, पलंगावर पडत नाही. साठी उलटलेल्या कोणी स्टुलावर चढू नये, हा आमच्या घरातला कायदा आहे. पंखे पुसायला माणूस लावा, पैसे द्या. हाड मोडलं तर त्याहून कितीतरी जास्त जातात. जुनं सामान काढताना "कधीतरी लागेल" असं वाटलं तर त्यावर तारीख लिहून ठेवावी. पुढच्या दिवाळीपर्यंत हात लागला नाही, तर अटालेवाल्याला द्यावं.

आता सणानंतरचं. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण हे काम आता माझ्याकडे आहे.

पणत्या. मातीच्या पणत्या तेल पितात. वाती काढून त्या कागदावर पालथ्या घालाव्यात, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात साबणाची पूड घालून रात्रभर भिजवाव्यात, मग उन्हात खडखडीत वाळवाव्यात. पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतात. ओट्यावर तेल सांडलं असेल तर लगेच पाणी मारू नये, तेल पसरतं. त्यावर कणीक किंवा उरलेली पांढरी रांगोळी भुरभुरावी, अर्ध्या तासाने झाडून घ्यावं, मग साबण. मेणबत्तीचं मेण पडलं असेल तर त्यावर बर्फाचा खडा फिरवून जुन्या एटीएम कार्डाने खरवडावं. बँकवाल्याच्या घरी जुन्या कार्डांना तोटा नाही.

रांगोळी. आधी कोरड्या झाडूने गोळा करावी, मग ओलं फडकं. आधीच पाणी ओतलं तर रंग फरशीच्या सांध्यांत बसतो. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती ओल्या कचऱ्यात घालू नये.

झेंडूची तोरणं. दोरा ओढून काढावा, पाकळ्या कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात टाकाव्यात. चार चांगली फुलं सुकवून बी ठेवावं. मृगात पेरलं तर दसऱ्याला घरचे झेंडू.

तळणीचं तेल. गार करून गाळावं, चार दिवसांत फोडणीला संपवावं. काळं, चिकट झालेलं तेल पुन्हा तळणीला घेऊ नये आणि सिंकमध्ये तर मुळीच ओतू नये. पाइपात ते थिजतं आणि पुढे प्लंबरची बिदागी होते. लाकडाच्या भुशात किंवा रद्दीत शोषवून टाकावं.

फटाके. फुलबाजीची तार विझली तरी बराच वेळ तापलेली असते, अनवाणी पायाला भाजते. म्हणून फटाके लावायच्या आधीच शेजारी पाण्याची बादली ठेवावी आणि तारा तिच्यात टाकाव्यात. न फुटलेला फटाका पुन्हा पेटवायला जाऊ नये, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा.

लाइटच्या माळा. पुठ्ठ्याला गुंडाळाव्यात, बंद पडलेल्या तिथेच वेगळ्या काढाव्यात. पुठ्ठ्यावर लिहावं, कोणती माळ कुठल्या खिडकीची.

कचरा. आमच्याकडे तो सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि इलेक्ट्रॉनिक. सुरुवातीला मीही कुरकुर केली होती. पण आपला ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटमध्ये जातो. 2022 साली सुरू झाला तेव्हा हा प्लांट दिवसाला 550 टनांपर्यंत ओल्या कचऱ्यापासून गॅस करू शकत होता. आपण फराळाच्या खरकट्यात फुटकी पणती आणि फुलबाजीची तार टाकली, तर ती आधी कोणाच्या तरी हाताला लागते. त्या हाताचीही दिवाळी असते. काच फुटली तर कागदात गुंडाळून वर "काच" असं मोठ्या अक्षरांत लिहावं. घरी कामाला येणाऱ्या बाईंचंही तेच. बोनस देतो म्हणून पाडव्याला दुप्पट भांडी घासायला बसवू नये. तिच्या घरीही भाऊ येतो.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं वाचून काही मंडळी म्हणतील, "छान, आमच्या हिला वाचायला देतो." कृपा करून तसं करू नका. हे तुमच्यासाठी लिहिलंय.

मी काम करायला लागलो तेव्हा दर दोन मिनिटांनी विचारायचो, "अगं, हे कुठे ठेवू? ते कुठे ठेवू?" तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्ही विचारता त्यापेक्षा मीच केलेलं बरं." मला राग आला. मग विचार केला. बँकेत नवा क्लार्क दर व्हाउचरला विचारायला येत असता तर मी काय म्हटलं असतं? हात माझे, पण डोकं तिचंच चालत होतं. त्या वर्षी मी वही घेतली आणि कुठला डबा कोणत्या फळीवर, चांदीची भांडी कोणत्या कापडात, मोठी कढई कुठे, सगळं लिहून काढलं. आता विचारत नाही. कधी चुकतं, ती नंतर गुपचूप जागा बदलते. मीही गुपचूप वहीत दुरुस्ती करतो.

ताई थट्टा करते, "दादा, म्हातारपणी बायकोच्या मुठीत गेलास." जाऊ दे. ज्या मनगटाला थंडीत अजून कळ येते, त्या हाताच्या मुठीत जायला मला लाज वाटत नाही.

काही जण म्हणतात, कशाला एवढा व्याप, फराळ विकत आणा, चार दिवस फिरायला जा. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं. पण आमच्या घरी सण हवा आहे, मुलं-नातवंडं यायला हवीत. सण कमी करा असं मी म्हणत नाही. कॅलेंडरात दोन दिवस वाढवा एवढंच म्हणतो. भाऊबिजेनंतरचे दोन दिवस आवरण्याचे, सगळ्यांचे. पाहुण्यांनी परतीचं तिकीट काढताना त्यातला अर्धा दिवस धरावा. ज्याने जे माळ्यावरून काढलं, ते त्यानेच परत ठेवावं. आमचा मुलगा-सून पुण्याहून येतात, ते आता असंच करतात. सून म्हणते, "बाबा, आता इथून निघताना अपराधी वाटत नाही."

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळद-कुंकू वाहतो, तिला लक्ष्मी म्हणतो. तिसऱ्या दिवशी ती कोणाच्या हातात असते, एवढं एकदा आपापल्या घरी बघा.

रोकड जुळली की मगच शटर ओढायचं. आमच्या सौ.ने गेल्या दिवाळीत पहिल्या नंबरात अभ्यंगस्नान केलं, कोरड्या फरशीवर. शेवटी मी गेलो.

तुमच्या घरी शेवटी कोण न्हातं? खाली लिहा.