समुद्राच्या पथ्यावर पडलेले ठिपके

जॉर्ज स्यूराचं नाव निघालं की ‘ग्रांद जात बेटावरचा रविवार’ हे त्याचं भलंमोठं चित्र डोळ्यांपुढे येतं. छत्र्या, उंच टोप्या, ते माकड. मला विचाराल तर त्याच्या ठिपक्यांच्या पद्धतीचा खरा कस लागला तो समुद्रावर.

१८८५च्या उन्हाळ्यात तो नॉर्मंडीतल्या ग्रांकां या मासेमारीच्या बंदरात राहिला. स्टुडिओत शिणलेले डोळे धुऊन काढायला म्हणून पुढे तो जवळजवळ दर उन्हाळ्यात किनारा गाठायचा. ग्रांकांलगत त्याने ‘बेक द्यु ओक’ रंगवलं; आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. रुंदी जेमतेम ८० सेंटिमीटर. समुद्रावर झुकलेला एक कडा, बरीच वर ओढलेली क्षितिजरेषा, चिमुकली शिडं. माणूस एकही नाही. आणि नीट पाहिलं तर नुसते ठिपकेही नाहीत: कड्यावरच्या गवताला उलटसुलट फटकारे, पाण्याला आखूड आडव्या रेघा. १८८८च्या सुमारास त्याने हे चित्र पुन्हा हाती घेतलं आणि भोवती ठिपक्यांचीच चौकट रंगवली.

या सगळ्यामागे मिशेल शव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ. पॅरिसच्या गोबलाँ या भित्तिवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाईखात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, ही तक्रार तपासताना त्याच्या ध्यानात आलं की दोष रंगाचा नाही, शेजारच्या धाग्याचा आहे. त्यावर १८३९मध्ये त्याने ग्रंथ लिहिला. स्यूरा त्याच्या पुढे गेला. रंग पॅलेटवर कालवायचे नाहीत, शुद्ध ठिपके शेजारी शेजारी मांडायचे, मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं.

पुस्तकांत हे अजून असंच छापतात. गंमत अशी की डोळा ते काम पुरतं करतच नाही. नेहमीच्या अंतरावरून ठिपके विरघळत नाहीत, लुकलुकत राहतात. धूपछांव पैठणीचंही असंच: उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. तिसरा रंग भासतो, पण तो एका जागी ठरत नाही. माणसाच्या गालावर ही चुळबुळ खटकते, आणि ‘ग्रांद जात’मधली मंडळी ठोकळेबाज वाटतात ती थोडी यामुळेही. पाण्यावर मात्र ती हवीच असते. सिद्धांतातली उणीव समुद्राच्या पथ्यावर पडली.

१८८६मध्ये इम्प्रेशनिस्टांच्या आठव्या, शेवटच्या प्रदर्शनात ही दोन्ही चित्रं लागली. गर्दी आणि टवाळी सगळी मोठ्याच्या वाट्याला. त्याच वर्षी समीक्षक फेलिक्स फेनेओंने ठिपक्यांनी रंगवणाऱ्या चित्रकारांना ‘नव-इम्प्रेशनिस्ट’ म्हटलं. १८९१मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी स्यूरा गेला.

मग सूत्रं आली पॉल सिन्याककडे. हा शिडाच्या बोटी हाकणारा अस्सल दर्यावर्दी, १८९२पासून सें-त्रोपेला रमलेला. त्याचे ठिपके वाढत वाढत चौकोनी तुकडे झाले. चित्रं झगझगीत, पण स्यूराची ती कोरडी शिस्त त्यांत नाही. मला ती पटकन कंटाळवाणी वाटतात. १९०४च्या उन्हाळ्यात आंरी मातीस त्याच्या शेजारी येऊन राहिला, आणि मागोमाग त्याने किनाऱ्यावरच्या विवस्त्र बायकांचं ठिपक्याठिपक्यांचं चित्र केलं. सिन्याक इतका खूश झाला की त्याने ते विकतच घेतलं. पण मातीसने ठिपके सोडून सपाट रंग धरले. १९०६मध्ये त्याचं नवं चित्र बघून सिन्याक भडकला. गडी साफ वाया गेला, असं त्याचं मत झालं.