हौदाचे गणित

जुन्या अंकगणिताच्या पुस्तकातला हौद आमच्या पिढीला चांगलाच ठाऊक आहे. एका तोटीने तो चार तासांत भरतो, दुसरीने सहा तासांत रिकामा होतो. दोन्ही तोट्या एकदम सोडल्या तर किती तासांत भरेल? उत्तर बारा तास. लहानपणी आम्ही हे गणित सोडवले आणि पुढे मास्तर झाल्यावर मुलांकडून सोडवून घेतले. दोन्ही तोट्या एकदम सोडण्याइतका अविचारी माणूस तरी कोण असेल, असा प्रश्न दर वर्षी एखादा चुणचुणीत मुलगा विचारीच. "उत्तर काढ, शहाणपणा नको," असे आम्ही त्याला दटावीत असू. त्या सगळ्या मुलांची मनोमन क्षमा मागण्याची पाळी आमच्यावर 2023च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आली, आणि तीही अमेरिकेत.

आमचा पुतण्या कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम टोकाला ग्रँड जंक्शन नावाच्या गावी राहतो. आम्ही उभयता तेथे पोहोचलो तेव्हा घरात एक वाद धुमसत होता. पुतण्याला मोठा पिकअप ट्रक घ्यावयाचा होता. पुढे बसायला दोन ओळी, मागे उघडा हौदा, आणि त्यामागे जोडून ओढायला चाकांवरचे छोटे घर. सुट्टीत मुलांना डोंगरदऱ्या दाखवाव्यात, असा त्याचा मनोदय. सूनबाईंचा कल नेमका उलट होता. दोघांनाही न्यायाधीश हवा होता, तो आमच्या रूपाने आयताच मिळाला. "काका, तुम्हीच काय ते सांगा," असे पुतण्या म्हणाला, आणि आम्ही तत्काळ, काहीएक माहिती नसताना, निकाल देऊन मोकळे झालो. एवढे पेट्रोल जाळणारी गाडी हा शुद्ध उधळेपणा आहे, असे आमचे मत. त्या वेळी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ जेवायला होते. त्यांच्या दारात तसलाच ट्रक उभा असे. पुतण्याने आमचे बोलणे त्यांना इंग्रजीत सांगितले. ते हसले आणि एवढेच म्हणाले, "परवा मी दोन घोडे घेऊन सॅलिनाला मुलीकडे जातो आहे. तुम्ही बरोबर चला."

सॅलिना हे गाव युटा राज्यात आहे. ग्रँड जंक्शनहून सत्तर क्रमांकाचा महामार्ग पश्चिमेस जातो. सुमारे शंभर मैलांवर ग्रीन रिव्हर हे गाव लागते आणि तेथून सॅलिनापर्यंत शंभराहून अधिक मैल ना पेट्रोल पंप, ना खाणावळ, ना वस्ती. तशा सूचनेची पाटीच रस्त्यावर लावलेली आहे. आमच्या इकडे इंदूरहून धुळ्याच्या वाटेला लागले की दर दहा-पंधरा मैलांवर चहाची टपरी भेटते. त्या सवयीच्या माणसाला ही शंभर मैलांची निर्जनता प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय उमगत नाही.

वाटेत त्या गृहस्थांनी आम्हांला इंजिनाची ओळख करून दिली. फोर्ड कंपनीने 2020च्या सुपर ड्युटी गाड्यांपासून हे 7.3 लिटरचे पेट्रोल इंजिन बसवायला आरंभ केला. लिटर हे माप इंधनाचे नव्हे. सर्व सिलिंडरांत दट्ट्या वरखाली होताना जी पोकळी व्यापतो तिचे आहे. या इंजिनात आठ सिलिंडर आहेत, म्हणजे एकेकाच्या वाट्याला नऊशे घनसेंटिमीटरहून अधिक येते. 1983 साली आपल्या देशात आलेली मारुती 800 वाचकांना आठवत असेल. तिचे तीन सिलिंडरांचे सबंध इंजिन 796 घनसेंटिमीटरचे होते. तात्पर्य, या ट्रकाचा एकेक सिलिंडर आपल्या अख्ख्या मारुतीच्या इंजिनाहून मोठा!

इतके मोठे कशाला, हा आमचा पुढचा प्रश्न. जड ओझे हलवायचे तर चाक फिरवण्याचा जोर हवा. त्याला यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात. लहान इंजिनाला तो जोर देण्यासाठी एक तर फार वेगाने फिरावे लागते, नाही तर पंख्याने हवा कोंबून घ्यावी लागते. दोन्हींत उष्णता वाढते आणि झीजही होते. मोठे इंजिन मात्र संथपणे ओढते. या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आहे, झडपा उघडण्याची रचना जुन्या पद्धतीची, दांड्यांची आहे. कमाल शक्ती 430 अश्वशक्ती आणि टॉर्क 475 फूट-पौंड. दुसरे कारण उंचीचे. दर हजार फूट चढल्यावर हवा विरळ होते आणि पंखा नसलेल्या इंजिनाची शक्ती सुमारे तीन टक्क्यांनी घटते. सात हजार फुटांवर पाचवा हिस्सा गेलाच. मुळात पुंजी मोठी असली तरच असा तोटा सोसवतो.

"मग डिझेल का नाही?" आम्ही विचारले. आमच्या मनात आपल्याकडचे सारे ट्रक होते. डिझेलच्या इंजिनाला तेल कमी लागते आणि जोर अधिक मिळतो, हे त्यांनाही मान्य होते. परंतु तिकडे डिझेल बहुधा पेट्रोलहून महाग असते, आणि इंजिनाचीच किंमत हजारो डॉलरांनी वाढते. शिवाय 2007 आणि 2010 सालच्या धूरविषयक नियमांनंतर डिझेल गाडीला काजळी अडवणारी गाळणी लागली, युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी लागली. त्यांची देखभाल आली. रोज ओझे ओढणाऱ्याला हा खर्च परवडतो. महिन्यातून चार वेळा ओढणाऱ्याला साधे, मोठे पेट्रोल इंजिनच बरे पडते.

राहता राहिली टाकी. या ट्रकाची टाकी 34 गॅलनची होती. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, म्हणजे जवळजवळ 129 लिटर. लांब हौद्याच्या काही गाड्यांना 48 गॅलनची, म्हणजे सुमारे 182 लिटरची टाकी येते. पूर्वी अशा ट्रकांना दोन टाक्या असत आणि चालकासमोरच्या बटणाने एकीवरून दुसरीवर जाता येई. त्या टाक्या ठेवायच्या कोठे, हा प्रश्न मात्र माणसांच्या जिवावर बेतला. जनरल मोटर्सच्या मोठ्या पिकअप गाड्यांत 1972 पर्यंत टाकी बैठकीच्या पाठीमागे, माणसांच्याच खोलीत असे. 1973 पासून 1987 पर्यंत ती सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला बसवली गेली. बाजूने धडक बसली की आग लागण्याचे प्रसंग आले. अखेर डिसेंबर 1994 मध्ये सरकार आणि कंपनी यांच्यात तडजोड झाली आणि कंपनीने सुरक्षिततेच्या कार्यक्रमांसाठी पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. आता टाकी सांगाड्याच्या दोन तुळयांच्या मधोमध असते. शंभर-सव्वाशे लिटर पेट्रोल सोबत वागवणे ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

असो. ग्रीन रिव्हरला गाडी पंपावर थांबली. काटा निम्म्याहून बराच वर होता. आमच्या काटकसरी मनाला ही थांबण्याची घाई वाटली. गृहस्थ म्हणाले, "रिकामी असताना ही गाडी गॅलनला चौदा मैल जाते. घोडे जोडले की आठ. घाट चढताना वारा समोरून असला तर सहासुद्धा धरावे." आपल्या हिशोबाने सांगायचे तर लिटरला सहा किलोमीटरवरून साडेतीन, आणि साडेतीनवरून अडीच. टाकी तीच, पण गाव निम्म्याहून अधिक दूर गेले!

आम्ही मनातल्या मनात गणित मांडले. आतापर्यंतच्या शंभर मैलांत साडेबारा गॅलन गेले, उरले साडेएकवीस. पुढच्या एकशे पाच मैलांना साडेसतरा लागणार. शिल्लक चार गॅलन. पोहोचलो असतो, नाही असे नाही. पण वाटेत रस्ता बंद निघाला असता, एखादा घोडा आजारी पडून परतावे लागले असते, तर त्या चार गॅलनांच्या भरवशावर दोन मुकी जनावरे उन्हात उभी राहिली असती.

ग्रीन रिव्हर सोडल्यावर चढ लागला. चार हजार फुटांवरून रस्ता सात हजारांवर जातो. तांबड्या खडकांच्या भिंती दोन्ही अंगांना, आणि समोरून वारा. काटा खरोखरच डोळ्यांदेखत उतरू लागला. माथ्यापलीकडे, गाड्या थांबवण्याच्या एका जागी, एक मध्यमवयीन जोडपे हताशपणे उभे दिसले. त्यांची गाडी लहान पिकअप, मागे चाकांचे घर. पेट्रोल संपले होते. ग्रीन रिव्हरला त्यांच्या समोरच्या पडद्यावर 'अजून 140 मैल' असा आकडा होता, म्हणून ते थांबले नव्हते. यंत्राने त्यांना फसवले म्हणावे तर तेही खरे नाही. ते यंत्र मागच्या मैलांचा खर्च पाहून पुढच्या मैलांचा अंदाज सांगते. मागे उतार होता, सकाळची हवा शांत होती. पुढे चढ आणि वारा आहे, हे त्याला कोठून कळावे? ते शहाणपण माणसाने आपल्यापाशी ठेवायचे असते.

आमच्या यजमानांनी पाच-पाच गॅलनचे दोन डबे काढून त्यांच्या टाकीत ओतले. त्या बाईंनी पैसे पुढे केले, ते घेतले नाहीत. "डबे सॅलिनाच्या पहिल्या पंपावर ठेवून जा, मी उचलीन," एवढेच सांगितले. त्या बाई रडू लागल्या. आम्ही मात्र आपल्या जेवणाच्या वेळच्या प्रवचनाने खाली मान घालून उभे होतो. ज्याला आम्ही उधळ्या म्हटले, त्याच्याच साठ्यातून दोन जीव घरी चालले होते.

गाडीत बसल्यावर आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुमचा राग खोटा नव्हता, त्याचा पत्ता चुकला होता. माझ्या गल्लीत या जातीच्या चार गाड्या आहेत. त्यांतल्या दोघींनी कधी ओझे ओढलेले नाही. एका मुलाला शाळेत सोडतात आणि परत येतात."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांला विलक्षण वाटली. 1973च्या तेलटंचाईनंतर, 1975 साली, अमेरिकेने गाड्यांच्या इंधनखर्चाविषयी कायदा केला. तेव्हापासून नव्या मोटारीच्या काचेवर ती गॅलनला किती मैल जाते याचा सरकारी कागद चिकटवलेला असतो. परंतु मालासकट 8,500 पौंडांहून अधिक वजनाची क्षमता असलेल्या पिकअप गाड्यांना तो कागद लावण्याची सक्ती नाही. 2014च्या गाड्यांपासून अशा मोठ्या पिकअपांनाही इंधनाची मर्यादा लागू झाली, तरी काचेवरचा कागद आलेला नाही. म्हणजे सर्वांत अधिक पिणाऱ्याच्याच पेल्यावर माप कोरलेले नाही! आम्ही शाळामास्तर, प्रगतिपुस्तक न देता मूल वरच्या वर्गात ढकलावे, तसा हा प्रकार आम्हांला वाटला.

घरी परतल्यावर आम्ही पुतण्याला कागद आणि पेन्सिल आणायला सांगितले. आधीचा निकाल आम्ही जाहीरपणे मागे घेतला आणि म्हणालो, "आता निकाल नाही, गणित. वर्षाला किती मैल चालतोस?" तो म्हणाला, "दहा हजार." "त्यांपैकी ते घर ओढून किती?" तो घुटमळला. सूनबाईंनी उत्तर दिले, "सहाशे. दोन सहली." मोठ्या ट्रकाने ओझ्याविना 9,400 मैलांना 671 गॅलन, ओझ्यासह 600 मैलांना 75, एकूण 746. सध्याची मोटार गॅलनला तीस मैल जाते, तिला 9,400 मैलांना 313 गॅलन, आणि दोन सहलींपुरता, ओढण्याची परवानगी असलेला ट्रक भाड्याने घेतला तर त्याचे 75, एकूण 388. फरक 358 गॅलन, म्हणजे 1,355 लिटर. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तरी साडेबाराशे डॉलर वर्षाला. लिटरभर पेट्रोलातून सुमारे 2.3 किलो कर्बवायू निघतो. त्या हिशोबाने तीन टनांहून अधिक धूर निव्वळ हौसेचा.

पुतण्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, सहाशेऐवजी सहा हजार मैल ओढायचे असते तर?" आम्ही म्हणालो, "तर आम्हीच तुला सांगितले असते, घे, आणि टाकी मोठी घे." सूनबाई हसल्या. त्या वर्षी त्यांनी ट्रक भाड्यानेच घेतला.

आता शाळेत हौदाचे गणित शिकवताना तो चुणचुणीत प्रश्न आला की आम्ही दटावीत नाही. हौद केवढा, हे पुस्तक सांगते. तोट्या किती वेगाने वाहतात, हेही सांगते. तो हौद कोणासाठी भरायचा आणि दुसरी तोटी कोणी उघडी ठेवली, हे पुस्तक सांगत नाही. ते विचारणाऱ्या मुलाला आम्ही पुढच्या बाकावर बसवतो.